पापात वाटेकरी कोण? भाडेकरू, घरमालक आणि सोसायटी

कोपरखैरण्याच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरी ताईंनी लांबलचक प्रश्न पाठवलाय. त्याचा गाभा असा: एक मेंबर परदेशात असतो. त्याचा फ्लॅट एजंटमार्फत तीन तरुणांना भाड्याने दिलेला आहे. मागच्या महिन्यात रात्री तपास यंत्रणेची माणसं आली, एकाची चौकशी केली, लॅपटॉप घेऊन गेली. पुढे काय झालं कुणालाच ठाऊक नाही. तेव्हापासून कमिटीत रोज भांडणं. एक मेंबर म्हणतो, "उद्या कुठे स्फोट झाला आणि मेलेल्यांच्या घरच्यांनी आपल्यावर दावा लावला तर? आपण निष्काळजी होतो असंच ठरेल ना?" ताईंचा अमेरिकेतला भाचा सांगतो की तिकडे अतिरेक्यांना मदत करणाऱ्या कंपन्यांकडून लोकांनी कोट्यवधी वसूल केले. भर म्हणून क्लबहाऊसचं वायफाय सगळ्यांना खुलं आहे. आणि गणेशोत्सवाच्या शिल्लक रकमेतून एका अनाथाश्रमाला दिलेल्या ११ हजारांवरून व्हॉट्सअ‍ॅपवर 'पैसा भलत्या हातात गेला' अशी कुजबुज चालू झाली आहे.

ताई, आधी निकाल सांगतो, कारणं मागून. ठाण्याच्या कोर्ट नाक्यावर २६ वर्षं काढल्यावर एवढं कळलंय की अशिलाला आधी झोप लागली पाहिजे, कायदा त्याला सकाळीही समजतो. तुम्ही कळवलेल्या हकिकतीवरून सोसायटीवर नुकसानभरपाईचा दावा टिकेल असं मला वाटत नाही. दावा दाखल कुणीही कुणावरही करू शकतो, ती गोष्ट वेगळी. फ्लॅटमालकावरही दिवाणी जबाबदारी येणं अवघड आहे, पण पोलिसांना भाडेकरूची माहिती दिलेली नसेल तर एक छोटा फौजदारी खटला त्याच्या दारात उभा आहे. आणि तुमच्या कमिटीने खरी काळजी करायची असेल तर ती भाडेकरूंची नाही, त्या ११ हजारांची करा.

आता कारणं.

आपल्याकडे अपघाताच्या फिर्यादीत एक ठरलेलं वाक्य असतं: "हयगयीने, अविचाराने व बेदरकारपणे". दिवाणी कायद्यात ही हयगय सिद्ध करायला तीन पायऱ्या चढाव्या लागतात. समोरच्या माणसाची काळजी घेणं तुमचं कर्तव्य होतं का, ते तुम्ही मोडलंत का, आणि नुकसान त्या मोडण्यामुळेच झालं का. जिना धुवायला घेतला, पाटी लावली नाही, पाहुणा घसरून पडला, तर तिन्ही पायऱ्या एका दमात चढता येतात. पण मध्ये तिसरा माणूस आला, त्याने स्वतःच्या बुद्धीने, ठरवून गुन्हा केला, की तिसरी पायरी बहुधा कोसळते. नुकसान तुमच्या हयगयीने झालं नाही, त्याच्या गुन्ह्याने झालं, असं न्यायालय म्हणतं.

याचं सगळ्यात जवळचं उदाहरण नवी मुंबईतच आहे, आणि लोक ते विसरलेत याचं मला नवल वाटतं. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत साखळी स्फोट झाले. त्या स्फोटांसाठी आणि सुरतेत बॉम्ब ठेवण्यासाठी वापरलेल्या गाड्या नवी मुंबईतून चोरलेल्या होत्या. स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला, त्याचा माग निघाला थेट सानपाड्यात, एका अमेरिकी गृहस्थाच्या घरच्या वायफायपर्यंत. त्याची कसून चौकशी झाली, पण आरोपी म्हणून तो कोर्टात उभा राहिला नाही. दुसऱ्याच कुणीतरी त्याचं कनेक्शन वापरलं होतं. ज्यांच्या गाड्या चोरीला गेल्या त्यांना तर पोलीस ठाण्याचे खेटे आणि विम्याचे हेलपाटे यापलीकडे काही झालं नाही. गाडीला साधं कुलूप होतं, गिअर लॉक नव्हता, म्हणून मालकाने अहमदाबादच्या जखमींना भरपाई द्यावी, असं कुणी म्हणालं नाही. म्हटलं असतं तरी टिकलं नसतं.

पण यात एक मेख आहे. हयगय मोजायची पट्टी ही की शहाण्यासुरत्या माणसाला कशाचा अंदाज यायला हवा होता. २००८ च्या जुलैत घरच्या राउटरला पासवर्ड नाही याचा अर्थ फार तर शेजारी फुकट इंटरनेट वापरेल एवढाच होता. सानपाड्याच्या बातमीनंतर तो अर्थ बदलला. म्हणून क्लबहाऊसचं वायफाय आजच बंद करा किंवा पासवर्ड टाकून, कोणी वापरलं याची नोंद राहील असं करून घ्या. यासाठी तज्ज्ञ लागत नाही, तुमच्या इमारतीतला एखादा इंजिनिअरिंगचा पोरगा अर्ध्या तासात करून देईल.

मग दुसऱ्याच्या गुन्ह्याची भरपाई कधी द्यावी लागते? तुम्ही माणसं स्वतःच्या ताब्यात घेतलेली असतील तेव्हा. तिकीट काढून बसमध्ये बसवलंत, पैसे घेऊन हॉटेलात उतरवून घेतलंत. आसाम राज्य परिवहनच्या बसमध्ये बॉम्ब फुटून जखमी झालेल्या प्रवाशाला सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली मोटार वाहन कायद्याखाली भरपाई दिली. बॉम्ब ठेवणारा महामंडळाचा कुणी नव्हता, तरीसुद्धा दिली. २६/११ नंतर ताज हॉटेलच्या मालक कंपनीवर एका जखमी ब्रिटिश तरुणाने लंडनमध्ये दावा लावला, सुरक्षेत हयगय झाली म्हणून. कंपनीचं म्हणणं होतं की खटला भारतात चालावा. २०१३ च्या डिसेंबरमध्ये तिथल्या न्यायालयाने दावा लंडनमध्येच चालेल असं ठरवलं, आणि त्यामागचं एक मोठं कारण होतं भारतात दिवाणी दाव्याला लागणारी वर्षं. मी तो निकाल वाचला त्या दिवशी माझ्या १९९९ च्या एका दाव्यात पुढची तारीख पडली होती, त्यामुळे राग यायच्याऐवजी लाजच वाटली.

तुमची सोसायटी बस नाही आणि हॉटेलही नाही. दूर कुठेतरी स्फोटात सापडणारी माणसं तुमच्या ताब्यात नव्हती, त्यांच्याशी तुमचा काही संबंधच नव्हता. दावा पहिल्याच पायरीवर अडतो.

आता भाच्याचं म्हणणं. तो निम्मा बरोबर आहे.

वाल्या कोळ्याची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. नारद विचारतात, बायकापोरं तुझ्या पापात वाटेकरी आहेत का? वाल्या घरी जाऊन विचारतो, तर बायको म्हणते, आम्हाला पोसणं तुझं काम, पाप तुझं तुला. वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयापुढे १९८३ साली जवळपास हाच प्रश्न आला. एक घरफोड्या कित्येक वर्षं संध्याकाळी बाहेर पडायचा आणि चोरीचं सोनं घरच्या भट्टीत वितळवून विकायचा. त्याच्यासोबत राहणारी बाई त्या विक्रीचे हिशेब लिहायची, पत्रं टाइप करायची. एका घरफोडीत त्याने घरमालक डॉक्टरचा खून केला. बाई म्हणाली, मला काही माहीत नव्हतं. न्यायालय म्हणालं, इतकी वर्षं हिशेब लिहिलेत, एका बाजूला नुसता पैसा येतोय, खरेदी कुठेच नाही, तुम्हाला कळलंच असणार. खुनाची भरपाई तुम्हीही द्यायची. घरफोडीला मदत केली की त्यातून होऊ शकणाऱ्या हिंसेचाही वाटा आला.

हॅल्बरस्टॅम विरुद्ध वेल्श नावाचा हा खटला आज अमेरिकेत अतिरेकी हल्ल्यांच्या भरपाईच्या प्रत्येक दाव्यात उघडला जातो, कारण २०१६ साली अमेरिकी संसदेने राष्ट्राध्यक्षांचा नकाराधिकार ओलांडून केलेल्या कायद्यात त्याच निकालाकडे बोट दाखवलं. त्याच्या आधीपासून, १९९० च्या दशकातल्या कायद्याने, अतिरेकी हल्ल्यात नुकसान झालेल्या अमेरिकी नागरिकाला तिप्पट भरपाई मागण्याचा हक्क होताच. १९९६ साली वेस्ट बँकमध्ये बसथांब्यावर मारल्या गेलेल्या १७ वर्षांच्या मुलाच्या आईबापांनी हमासला पैसा पोचवणाऱ्या अमेरिकेतल्या धर्मादाय संस्थांवर दावा लावला. ज्युरीने ५ कोटी २० लाख डॉलर ठरवले, तिप्पट होऊन १५ कोटी ६० लाख झाले. त्या खटल्यात २००८ साली अपील न्यायालयाने मांडलेला मुद्दा तुमच्या कमिटीने नीट ऐकावा. दिलेला पैसा दवाखान्यासाठी होता असं सांगून सुटता येत नाही, कारण दवाखान्याचा खर्च तुम्ही उचललात की संघटनेचा तेवढा पैसा बंदुकीसाठी मोकळा होतो. पण त्याच निकालात हेही आहे की नुसती हयगय पुरत नाही. संघटना काय करते हे देणाऱ्याला ठाऊक हवं, किंवा धोका दिसत असून त्याने तिकडे काणाडोळा केलेला हवा.

ट्विटरच्या खटल्यात हीच रेघ आणखी ठळक झाली. २०१७ च्या पहिल्या दिवशी इस्तंबूलच्या नाइटक्लबमधल्या हल्ल्यात ३९ जण गेले. एका मृताच्या नातेवाइकांचं म्हणणं होतं की ट्विटर, फेसबुक आणि गुगलने आयसिसची खाती चालू दिली, म्हणजे मदतच केली. मे २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने दावा फेटाळला. सगळ्यांना सारखीच मिळणारी सेवा कुणीतरी वाईट कामाला वापरली आणि कंपनीने त्याला हाकललं नाही, एवढ्यावरून ती त्या हल्ल्यात जाणूनबुजून सामील होती असं होत नाही. फ्लॅट बाजारभावाने भाड्याने देणाऱ्या तुमच्या मेंबरला हा युक्तिवाद नक्की आवडेल.

त्याला न आवडणारी गोष्टही आहे. चिकिटा ही केळ्यांची मोठी अमेरिकी कंपनी. कोलंबियातल्या उजव्या निमलष्करी टोळ्यांना तिने १९९७ ते २००४ या काळात सुमारे १७ लाख डॉलर दिले. कंपनी म्हणायची, आम्ही खंडणी दिली, आमच्या मजुरांचे जीव वाचवायला. २००७ मध्ये तिने फौजदारी खटल्यात गुन्हा कबूल करून अडीच कोटी डॉलर दंड भरला. पुढे टोळ्यांनी मारलेल्यांच्या घरच्यांनी फ्लोरिडात दिवाणी दावे लावले, आणि जून २०२४ मध्ये ज्युरीने ८ जणांच्या कुटुंबांना ३ कोटी ८३ लाख डॉलर देण्याचा कौल दिला. इथे कसोटी कोलंबियाच्या दिवाणी कायद्याची, म्हणजे आपल्या हयगयीच्या जवळची होती: शहाणा व्यापारी जसा वागला असता तशी कंपनी वागली का? ज्युरी म्हणाली, नाही. पण तिथेही कंपनीला आपण कुणाला पैसे देतोय हे पक्कं ठाऊक होतं, हे विसरू नका.

हिशेब लिहिणारी बाई, धर्मादाय संस्था, ट्विटर, केळी कंपनी, चारही ठिकाणी प्रश्न एकच विचारला गेला: तुला काय माहीत होतं आणि कधीपासून?

भारतात असे दावे का दिसत नाहीत? कारण आपण हा सगळा विषय फौजदारी कायद्याच्या कपाटात ठेवला. १९६७ चा बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायदा, २००४ आणि २००८ च्या दुरुस्त्यांनी खूप कडक झालेला, निधी गोळा करणं, आसरा देणं, पाठिंबा देणं या सगळ्याला शिक्षा सांगतो, मालमत्ता जप्त करू देतो. पण ज्याचं माणूस गेलं त्याला मदत करणाऱ्यावर दिवाणी दावा लावण्याचा वेगळा हक्क त्यात नाही. मग उरतो १८५५ चा, इंग्रजांच्या काळातला प्राणघातक अपघात कायदा, आणि त्याची मुदत मृत्यूपासून दोन वर्षं. आता विचार करा, ७/११ च्या लोकल स्फोटांचा खटला २००६ चा. उच्च न्यायालयाने सर्व १२ आरोपींना सोडलं २०२५ च्या जुलैत, आणि सर्वोच्च न्यायालयाने तीन दिवसांत तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला मनाई केली. पैसा कुठून आला हे फौजदारी खटल्यात उघड होईपर्यंत दिवाणी मुदत कधीच उलटून गेलेली असते. दोन वर्षांची मुदत इथे लागू करणं हा अन्याय आहे असं माझं स्पष्ट मत आहे. अमेरिकेतल्या न्यायालयाचा हुकूमनामा, म्हणजे दिवाणी निकाल, घेऊन इथे थेट दरखास्तही, म्हणजे वसुलीचा अर्जही, लावता येत नाही. ब्रिटनच्या हुकूमनाम्यांना ती सोय आहे, अमेरिकेच्या नाही. त्यावर नवा दावाच लावावा लागतो.

म्हणून आपल्याकडे बळींना मिळते ती सरकारी भरपाई. केंद्राची योजना २००८ पासून, आधी ३ लाख, २०१६ नंतर ५ लाख. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत राज्याची पीडित भरपाई. आणि रेल्वे. १३ मार्च २००३ च्या संध्याकाळी मुलुंड स्थानकात कर्जत लोकलच्या महिला डब्यात स्फोट झाला. ठाणे ते कर्जत पट्ट्यात त्या डब्याची रोजची प्रवासी असलेली बाई ज्या घरात नव्हती असं घर क्वचितच असेल. रेल्वे कायद्यात अशा वेळी हयगय सिद्ध करावीच लागत नाही, प्रवासी होता आणि घटना घडली एवढं पुरे. आज मृत्यूसाठी ही रक्कम ८ लाख आहे आणि अर्ज रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे एका वर्षात करायचा. गंमत म्हणजे त्या कलमात 'अतिरेकी कृत्य' कशाला म्हणायचं हे अजून टाडा कायद्यावरून ठरतं, जो १९९५ मध्येच संपला. मेलेल्या कायद्याची व्याख्या अजून लोकांना भरपाई मिळवून देते आहे.

फौजदारी बाजू तुमच्या मेंबरला समजावून सांगा. बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्यातल्या आसरा देण्याच्या कलमाला किमान तीन वर्षं शिक्षा आहे, वर जन्मठेपेपर्यंत. पण त्यात शब्द आहे 'माहीत असताना'. तिघांपैकी एकाची चौकशी झाली म्हणजे तो अतिरेकी आहे हे कुणाला माहीत झालं असं होत नाही, चौकशी साक्षीदाराचीही होते. मात्र त्या रात्रीनंतर मालकाला ऐकिवात काहीतरी आहे. इथून पुढे तो काय करतो हे तपासलं जाईल. त्याने पोलीस ठाण्यात स्वतः जाऊन किंवा ईमेलने लेखी कळवावं, करार आणि भाड्याच्या बँकेतल्या नोंदी हजर कराव्यात, तपास अधिकाऱ्याला विचारल्याशिवाय भाडेकरूंना घाईने बाहेर काढू नये. घर रिकामं करून रंग लावून ठेवलं तर पुरावा पुसल्यासारखं दिसतं.

पोलिसांना भाडेकरूची माहिती देणं ठाणे आणि नवी मुंबई दोन्ही आयुक्तालयांच्या आदेशांनी बंधनकारक केलेलं आहे. आदेश मोडला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा. दंड किरकोळ असतो, हेलपाटे किरकोळ नसतात. भाडेकरू परदेशी असेल तर नियम वेगळे आणि कडक, माहिती २४ तासांत. लिव्ह अँड लायसन्स नोंदवून घेणं ही मालकाची जबाबदारी आहे, एजंटची नव्हे, हे भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ मध्ये स्पष्ट लिहिलंय. सोसायटीचं काम तेवढंच की कराराची आणि पोलिसांकडे दिलेल्या माहितीची प्रत मेंबरकडून मागून फाइलला लावायची. दिली नाही तर स्मरणपत्र पाठवायचं, त्याची प्रत ठेवायची.

यापुढे जाऊन काही कमिट्या 'काळजी' म्हणून आडनाव बघून घर नाकारतात. तुमच्या प्रश्नातही एका ओळीत तो वास आला, म्हणून सांगतो. ३१ मे २००८ ला वाशीच्या भावे नाट्यगृहात बॉम्ब सापडला, ४ जूनला ठाण्याच्या गडकरी रंगायतनच्या पार्किंगमध्ये स्फोट झाला. एका नाटकाला विरोध म्हणून. २०११ मध्ये त्यात दोघांना शिक्षा झाली. त्या दोघांची नावं वाचून ठाण्यातल्या एकाही सोसायटीने घर नाकारलं नसतं. कायदा काळजी मोजतो ती कागदांनी आणि वागण्याने. आडनावावरून केलेली निवड कुठल्याही न्यायालयात तुमच्या बाजूने कामी येणार नाही.

आता ते ११ हजार. देणगी द्यायचं ठरवलं त्या सभेचं इतिवृत्त, संस्थेची धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, पावती आणि चेकचा पुरावा हे सगळं एका पाकिटात घाला. संस्था बंदी घातलेल्यांच्या यादीत आहे का ते गृह मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पाहता येतं. ते पान छापून, तारीख घालून त्याच पाकिटात ठेवा. निधी देण्याचं कलमही 'ठाऊक असताना' यावरच उभं आहे, आणि चेकने, पावती घेऊन, ठराव करून दिलेली देणगी हा ठाऊक नसल्याचा चांगला पुरावा असतो. रोख दिली असेल तर तसं मला कळवा, त्याचा वेगळा विचार करू. व्हॉट्सअ‍ॅपवरची कुजबुज खरी निघाली तर मात्र पुढची देणगी त्या क्षणी थांबली पाहिजे. कळल्यानंतरचा एक रुपयाही कळण्याआधीच्या ११ हजारांपेक्षा जड असतो.

शेवटचं एक, कारण हे मी होताना पाहिलंय. काही वर्षांपूर्वी घणसोलीतल्या एका फ्लॅटमालकाचा भाडेकरू पोलिसांनी उचलला. पोलिसांकडे माहिती दिलेली नव्हती, फॉर्म भरून एजंटच्या खणात तसाच पडला होता. मालक घाबरला आणि एजंटच्या सल्ल्याने त्याने मागची तारीख घालून नवा फॉर्म केला, वर एक खोटा शिक्का. जी चूक दंड भरून मिटली असती, तिच्यासाठी बनावट दस्तऐवजाचा गुन्हा लागला, आणि तपास अधिकाऱ्याचा प्रश्नही बदलला. आधी तो विचारत होता, "फॉर्म का दिला नाहीस?" नंतर विचारायला लागला, "लपवायचं काय होतं?" त्या दुसऱ्या प्रश्नातून सुटायला आम्हाला चार वर्षं लागली. तेव्हा तुमच्या मेंबरला आज रात्रीच फोन करा. एजंटकडे पोलीस ठाण्याची पोच असेल तर ती मागवून घ्या, नसेल तर फॉर्म आजच्या तारखेने ऑनलाइन भरा आणि उशीर झाला असं त्यात सरळ लिहा.